नाण्यांची प्रतवारी आणि नुकसानभरपाईची हमी : एक समीक्षा

१

नाणे हे मूळचे हमीचेच एक रूप होय. धातूच्या तुकड्यावर राजमुद्रा उमटली म्हणजे त्याच्या वजनाची व कसाची जबाबदारी मुद्रा उमटविणाऱ्या सत्तेने पत्करली, असा त्याचा अर्थ होतो. परंतु नाणे चलनातून बाहेर पडून संग्राहकाच्या पेटीत जाऊन बसले की ही मूळची हमी त्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. संग्राहक जी किंमत मोजतो ती धातूची नसते, दर्शनी मूल्याचीही नसते. ती दुर्मिळतेची आणि अवस्थेची असते. दुर्मिळता ग्रंथांवरून पडताळता येते. अवस्था मात्र प्रत्येक नाण्याची निराळी असते, आणि तिची हमी देण्यास कोणतीही टांकसाळ बांधलेली नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या चार दशकांत एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. या व्यवसायातील कंपनी शुल्क घेऊन नाणे तपासते, ते खरे की खोटे हे ठरविते, १ ते ७० या अंकमानावर त्याची प्रत निश्चित करते, आणि तो अंक छापलेल्या चिठ्ठीसह ते नाणे टणक पारदर्शक डबीत सीलबंद करून परत देते. व्यापारात या डबीला 'स्लॅब' म्हणतात. दिलेली प्रत चुकीची ठरल्यास कंपनी नुकसानभरपाई देईल, अशी हमीही तिच्यासोबत असते. साऱ्या व्यवसायाची प्रतिष्ठा या शेवटच्या वाक्यावर उभी आहे. तेव्हा या हमीचा आशय नेमका कोणता, ती वस्तुतः कोणाच्या उपयोगी पडते, आणि तक्रार उद्भवली असता निर्णय कोण करतो, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने तिची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

२

सत्तर अंकांच्या या मानाचा उगम ध्यानात घेतल्याखेरीज पुढील विवेचन नीट उमगणार नाही. विल्यम हर्बर्ट शेल्डन यांनी १९४९ मध्ये 'अर्ली अमेरिकन सेंट्स' या ग्रंथात ते प्रथम मांडले. ते १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांपुरतेच होते, आणि त्यामागील कल्पना सरळ व्यापारी होती. १७९४ चा एखादा सेंट अगदी झिजलेल्या अवस्थेत एक डॉलरला मिळत असेल, तर तोच निर्दोष अवस्थेत सत्तर डॉलरला जावा, असे ते प्रमाण होते. म्हणजे हे अंक मुळात अवस्थेचे मापन नव्हते. ते किमतींचे गुणोत्तर होते. बाजारभाव बदलले तसे ते गुणोत्तर निकालात निघाले, अंक मात्र टिकून राहिले. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने प्रतवारीचे अधिकृत निकष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा हेच मान सर्व प्रकारच्या अमेरिकन नाण्यांना लागू झाले. चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी त्यात ६० ते ७० असे अकरा अंक राखून ठेवण्यात आले. झिजलेल्या नाण्याची प्रत ठरविताना कोणती रेषा उरली व कोणती गेली हे निदान दाखविता तरी येते. या अकरा अंकांतील भेद मात्र चकाकी, ठशाचा उठाव, बारीक ओरखडे आणि एकंदर दर्शन यांवर अवलंबून असतो. म्हणजे तो बव्हंशी दृष्टीचा व रुचीचा भेद असतो. आणि किमतीतील मोठमोठ्या उड्या नेमक्या याच अकरा पायऱ्यांवर घडतात.

या इतिहासातील एक प्रकरण विशेष बोलके आहे. शेल्डन यांचे निधन १९७७ मध्ये झाले. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे सेंट त्यांनी ठेवल्याचे त्यानंतर निष्पन्न झाले, आणि आपली नाणी परत मिळविण्यासाठी त्या संस्थेला न्यायालयात जावे लागले. हा पालट उघडकीस आला तो जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यामुळे. कोणी दिलेल्या अंकामुळे नव्हे. अंक हा अभिप्राय असतो आणि छायाचित्र ही नोंद असते, हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वरील असोसिएशनने १९७२ मध्ये नाण्यांची सत्यता तपासण्याची सेवा सुरू केली आणि १९७९ पासून ती प्रतही ठरवू लागली. परंतु व्यवसायाला आजचे रूप आले ते प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस (पी.सी.जी.एस.) या कंपनीमुळे. १९८५ मध्ये काही नाणे-व्यापाऱ्यांनी ती स्थापन केली व १९८६ च्या फेब्रुवारीत तिचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी न्यूमिस्मॅटिक गॅरंटी (एन.जी.सी.) ही तिची मुख्य प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली. सीलबंद डबी, नाणे न पाहताही केवळ अंकावरून बोली लावणारे व्यापारी, आणि भरपाईची हमी या तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि नाणे ही हुंडीसारखी हस्तांतर करण्याजोगी वस्तू बनली. थोड्याच वर्षांत वॉल स्ट्रीटवरील दलाली पेढ्यांनी नाण्यांत गुंतवणूक करणारे निधी काढले. ही तेजी १९९० च्या सुमारास कोसळली. त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने पी.सी.जी.एस.विरुद्ध कारवाई केली. आपली प्रतवारी वस्तुनिष्ठ व सुसंगत असल्याचा जाहिरातींतील दावा अतिरंजित आहे, असा आयोगाचा आक्षेप होता. प्रकरण तडजोडीने मिटले. प्रमाणपत्रामुळे बाजारातील चढउतारांपासून संरक्षण मिळत नाही, अशा आशयाची सूचना जाहिरातींत देणे कंपनीला भाग पडले.

३

अशा व्यवसायाची गरज का भासावी, याचे उत्तर अर्थशास्त्रात मिळते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, मालाची प्रत विक्रेत्यालाच ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा ग्राहक सरासरी प्रतीचीच किंमत देऊ पाहतो. परिणामी चांगला माल बाजारातून निघून जातो. प्रमाणपत्रे व हमी हे त्यावरील उपाय म्हणून त्यांनी सांगितले आहेत. १९८६ पूर्वीच्या नाणे-बाजाराला हे वर्णन अक्षरशः लागू पडे. एकच नाणे व्यापारी विकत घेताना 'किंचित झिजलेले' ठरे आणि विकताना 'निर्दोष' होई.

परंतु डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये याच्या पुढचा एक प्रश्न उपस्थित केला. काही वस्तू व सेवा अशा असतात की, त्यांची प्रत ग्राहकाला खरेदीपूर्वी कळत नाही आणि खरेदीनंतरही स्वतःच्या अनुभवाने कळत नाही. वैद्याने सांगितलेली शस्त्रक्रिया आवश्यक होती किंवा नाही, हे रोग्याला बरे झाल्यावरही समजत नाही. प्रतवारी ही याच जातीची सेवा आहे. मोटार बिघडली तर ती रस्त्यात बंद पडते. ६६ हा अंक मिळालेले नाणे वास्तविक ६५ अंकाचे असेल, तर डबीत काहीच घडत नाही. ती चूक दुसऱ्या कोणा तज्ज्ञाने सांगितली तरच चूक ठरते. म्हणून येथील हमीचे स्वरूप इतर मालाच्या हमीहून मूलतः भिन्न आहे. घड्याळाच्या हमीत घड्याळ बंद पडले हे दोन्ही पक्षांना दिसते. प्रतीच्या हमीत दोष घडला किंवा नाही, हाच वादाचा विषय असतो.

४

आता हमीच्या अटी पाहू जाता पहिला प्रश्न उभा राहतो तो न्यायाधीशाचा. मालकाला आपल्या नाण्याची प्रत जास्त लावली गेली आहे असे वाटल्यास त्याने ते त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवावयाचे असते. कंपनीचे परीक्षक ते पुन्हा पाहतात, आणि त्यांनी पूर्वीपेक्षा कमी अंक दिला तरच भरपाईचा हक्क उत्पन्न होतो. कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे आद्य तत्त्व या रचनेत बाजूला राहते. ज्याच्या निर्णयामुळे पैसे द्यावे लागणार तोच निर्णय देतो. परीक्षक अप्रामाणिक असतात असे म्हणण्याचे मुळीच कारण नाही. रचना अशी आहे की प्रामाणिक परीक्षकाच्या निर्णयावरही संशयाची छाया पडावी, एवढाच मुद्दा आहे.

दुसरी अडचण यातूनच निघते. हमी डबीसकट नाण्याला असते. डबी फोडली की ती संपुष्टात येते. म्हणून तक्रारदार नाणे डबीतच पाठवितो आणि परीक्षकासमोर कंपनीचाच जुना अंक असतो. निरपेक्ष परीक्षा हवी असेल तर नाणे डबीबाहेर काढून, अनोळखी म्हणून पाठवावे लागेल. पण तसे करताच हमी गेली. हमी राखावी तर परीक्षा निष्पक्ष होत नाही, आणि परीक्षा निष्पक्ष करावी तर हमी राहत नाही, असा हा पेच आहे.

तिसरा मुद्दा भरपाईच्या मोजमापाचा. भरपाई दाव्याच्या वेळच्या बाजारभावाने ठरते, मालकाने दिलेल्या किमतीवरून नव्हे. एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका संग्राहकाने ६६ अंकाचे नाणे ५,००० डॉलरला घेतले. पुढे त्या अंकाची नाणी विपुल निघाली आणि त्या प्रतीचा भाव २,००० डॉलरवर आला. फेरतपासणीत नाणे ६५ अंकाचे ठरले व त्या प्रतीचा भाव १,२०० डॉलर आहे. भरपाई ८०० डॉलरची. मालकाचे नुकसान मात्र ३,८०० डॉलरचे. यावर असे म्हणता येईल की भाव उतरणे ही बाजाराची जोखीम आहे, तिच्याशी प्रतवारीचा संबंध नाही. हे उत्तर सकृद्दर्शनी रास्त आहे. पण ६६ अंकाची नाणी विपुल का निघाली? ती कंपनीनेच अधिक सैल हाताने तो अंक वाटल्यामुळे निघाली असतील, तर ते उत्तर टिकत नाही.

येथे या हमीच्या मर्मावर बोट ठेवता येते. एका विशिष्ट नाण्याला चुकून जास्त अंक मिळाला, तर हमी उपयोगी पडते. परंतु साऱ्या परीक्षेचाच निकष हळूहळू सैल होत गेला, तर तिचा काहीही उपयोग होत नाही. कारण सैल निकषाने पाहिले असता जुने नाणे कमी अंकाचे न ठरता उलट जास्त अंकाचे ठरेल. दावा उत्पन्नच होणार नाही, आणि तरीही त्या अंकाचे बाजारातील मोल घसरेल. व्यापारात या प्रवृत्तीला 'ग्रेडफ्लेशन' असे नाव पडले आहे, आणि जुन्या धाटणीच्या डब्यांतील नाण्यांना त्यामुळेच पुष्कळदा अधिक किंमत येते. तेव्हा ही हमी सत्याची नसून सुसंगतीची आहे; आणि सुसंगतीचीही एकाच बाजूने आहे. निकष कडक झाले तर कंपनीला खर्च येतो, सैल झाले तर येत नाही. ज्या रचनेत सैलपणा फुकट आणि काटेकोरपणा महाग, तिचा कल कोणीकडे जाईल हे सांगावयास नको.

अपवादांची यादीही विचारार्ह आहे. चिठ्ठीवरील उघड लेखनदोषाला हमी लागू होत नाही. वर्ष चुकीचे छापले असेल तर हा अपवाद न्याय्य आहे, कारण वर्ष कोणीही वाचू शकतो. परंतु तोच नियम अंकाच्या चुकीलाही लावला जातो. अमुक एक अंक हा लेखनदोष आहे की प्रतवारीतील चूक आहे, हे पुन्हा कंपनीच ठरविते. म्हणजे लहान चूक भरपाईस पात्र होते आणि डोळ्यांत भरण्याजोगी मोठी चूक 'लेखनदोष' ठरून अपात्र होऊ शकते. तांब्याच्या नाण्यांचा रंग पुढे पालटला तर त्याची जबाबदारी पी.सी.जी.एस.ने २०१० पासून सोडून दिली आहे. तांबे हवेने व आर्द्रतेने काळवंडते, हे रसायनशास्त्र ध्यानी घेता त्या निर्णयात गैर काही नाही. मात्र तांब्याच्या नाण्याच्या किमतीत रंगाचा वाटा फार मोठा असतो, आणि तो चिठ्ठीवर तर छापलेलाच राहतो. हमी गेली तरी विशेषण उरले, अशी ही अवस्था आहे.

५

ग्राहकसेवेचा विचार करताना आधी ग्राहक कोण हे ठरविले पाहिजे. शुल्क भरतो तो नाणे पाठविणारा. तो पुष्कळदा व्यापारी असतो, आणि वर्षाकाठी शेकडो नाणी पाठवितो. अंकावर विसंबून पैसे मोजतो तो नंतरचा खरेदीदार. पाठविणाऱ्याला अंक जास्त मिळाल्याची तक्रार असण्याचे कारण नाही. त्याची तक्रार अंक कमी मिळाल्याची असते. भरपाईची हमी ज्याच्यासाठी आहे तो खरेदीदार कंपनीचा नित्याचा ग्राहक नसतो. रोख्यांची पतश्रेणी ठरविणाऱ्या संस्थांना शुल्क रोखे काढणाराच देतो, आणि त्या पद्धतीचे दोष २००८ च्या आर्थिक अरिष्टात जगाने पाहिले. नाण्यांच्या बाजारात उलाढाल त्या मानाने क्षुल्लक; हितसंबंधांचा पेच मात्र तोच.

शुल्काची रचनाही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अधिक किमतीच्या नाण्याला अधिक शुल्क पडते. फेरतपासणीत अंक वाढल्यास नाण्याच्या किमतीच्या प्रमाणात जादा आकारही घेतला जातो. म्हणजे अंक वाढण्यात पाठविणारा व परीक्षा घेणारा या दोघांचेही हित एकवटते. यावर पोसलेली एक प्रथाच रूढ झाली आहे. डबी फोडायची आणि वरचा अंक मिळेपर्यंत नाणे पुन्हा पुन्हा पाठवावयाचे, या उद्योगाला 'क्रॅक-आउट' म्हणतात. परीक्षा पूर्णतः सुसंगत असती तर हा उद्योग तोट्याचाच ठरला असता. तो चालतो, हाच परीक्षेच्या विसंगतीचा पुरावा होय. आणि प्रत्येक फेरीचे शुल्क कंपनीला मिळते, म्हणून ही विसंगती तिला केवळ खर्चाची नाही, उत्पन्नाचीही बाब आहे. फोडलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या परत न आल्याने प्रत्येक प्रतीच्या नाण्यांची प्रसिद्ध होणारी गणनाही फुगते, आणि संशोधकाला उपयोगी पडू शकणारे एक साधन दूषित होते.

नाणे कंपनीच्या ताब्यात असताना हरवले अथवा बिघडले, तर भरपाईची कमाल मर्यादा पाठविणाऱ्याने घोषित केलेली किंमत ही असते. शुल्क वाचविण्यासाठी किंमत कमी लिहिणारा येथे स्वतःच्या हाताने आपला हक्क कापून घेतो. विलंबाबद्दल मात्र भरपाईची कल्पनाच नाही. किती दिवसांत काम होईल ते 'अंदाजे' सांगितले जाते. २०२१ च्या मार्चमध्ये पी.सी.जी.एस.च्याच संस्थासमूहातील खेळाडूंच्या चित्रपत्रिका तपासणाऱ्या शाखेला साचलेल्या कामामुळे आपल्या बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या होत्या. वस्तू कंपनीकडे अडकून पडली असता बाजारभाव उतरला, तर तो तोटा ग्राहकाचाच.

६

एवढ्यावरून ही हमी पोकळ आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. बनावट नाण्यांविरुद्ध तिने दिलेले संरक्षण खरोखरीचे आहे, कारण नाणे बनावट आहे की अस्सल, हा प्रश्न बहुधा वजन, धातू व ठसा यांच्या साह्याने निर्णायकपणे सुटतो. दूरगावच्या नवख्या संग्राहकाला निदान फसवणुकीच्या ठोकळ प्रकारांपासून तिने वाचविले आहे. भरपाया प्रत्यक्ष दिल्या जातात, हेही खरे. पी.सी.जी.एस.ची मूळ कंपनी कलेक्टर्स युनिव्हर्स १९९९ पासून २०२१ पर्यंत शेअरबाजारात नोंदलेली होती, आणि तिच्या वार्षिक हिशेबांत हमीच्या देण्यासाठी तरतूद दाखविलेली असे. २०२१ मध्ये ती खाजगी गुंतवणूकदारांनी विकत घेतली, आणि बाहेरच्या माणसाला आत डोकावण्याची ती खिडकी बंद झाली. एन.जी.सी.च्या मूळ कंपनीतील बहुसंख्य भागही त्याच वर्षी ब्लॅकस्टोन या गुंतवणूकदार संस्थेकडे गेले.

बाजाराने स्वतः शोधलेला उपायही उद्बोधक आहे. एन.जी.सी.चे एक संस्थापक जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सर्टिफाइड अॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन काढली. तिचे काम दोन्ही कंपन्यांनी दिलेल्या अंकांची पुनर्परीक्षा करून पसंत पडलेल्या डब्यांवर आपली चिकटचिठ्ठी लावणे हे होते. परीक्षकाचा परीक्षक निर्माण झाला, आणि बाजाराने त्या चिठ्ठीसाठी वरकड किंमत मोजली. मूळ हमीवर बाजाराचा पूर्ण विश्वास असता, तर या दुसऱ्या मताला मोल आले नसते. २०२३ मध्ये याच संस्थेतून स्वतः अंक देणारी नवी कंपनी निघाली, तेव्हा हे दुसरे मत देणारेही अंक वाटणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसले.

मराठी वाचकाला या संदर्भात जुन्या गावगाड्यातील पोतदाराची आठवण होणे साहजिक आहे. नाणे पारखण्याचे हे काम बहुधा सोनाराकडे असे, आणि बलुतेदारांत त्याची गणना होई. नाना टांकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत. झिजलेल्या वा हलक्या नाण्यावर बट्टा कापला जाई. त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचे कारण नाही. बट्ट्याच्या नावाखाली रयतेची नागवणूकही पुष्कळ झाली. पण दोन भेद लक्षात घेण्याजोगे आहेत. पोतदार ज्याची पारख करी ते वजन व कस दुसऱ्यालाही पडताळता येत असत. आणि बलुते गावाकडून मिळत असल्यामुळे त्याचा तो मोबदला एखाद्या नाण्याला त्याने बरे म्हणण्यावर अवलंबून नसे. आजच्या प्रतवारीत पारखण्याचा विषय अधिक सूक्ष्म झाला आहे आणि पारख्याचा मोबदला त्या विषयाशी अधिक घट्ट बांधला गेला आहे. स्वातंत्र्याची गरज वाढली, तेव्हाच ते कमी झाले.

सुधारणेच्या दिशा या विवेचनातूनच सूचित होतात. हमीवरील दाव्याचा निवाडा कंपनीबाहेरच्या परीक्षकाने करावा. त्यासाठी नाणे डबीतून काढले तरी हक्क अबाधित राहावा. डबीत घालतानाच काढलेले छायाचित्र ओळखीसाठी पुरेसे मानावे. किती दावे आले, किती मान्य झाले व किती रक्कम दिली गेली, याचे कोष्टक दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. आणि प्रत्येक अंकासाठी आदर्श नाण्यांचा एक संच स्थिर ठेवून, निकष त्यापासून ढळला किंवा नाही याची ठराविक काळाने जाहीर तपासणी व्हावी. यांपैकी शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती एकटीच निकषाच्या सैलपणाला किंमत लावते.

हमीचे मोल तिच्या शब्दांवरून ठरत नाही. हमी देणाऱ्याच्या कोणत्या चुका त्याला महाग पडतात आणि कोणत्या फुकट जातात, यावरून ठरते. नाणे-प्रतवारीच्या व्यवसायात एकेका नाण्याविषयीची चूक महाग आहे आणि सर्व नाण्यांविषयीची चूक फुकट आहे. जोवर ही विषमता कायम आहे, तोवर डबीवरील अंक हा एका जाणकाराचा आदरणीय अभिप्राय म्हणून स्वीकारावा. मापन म्हणून नव्हे.